पाच मजले ठरलेल्या बैठ्या घराबाबत

प्रति,
मा. बांधकाम परवानगी अधिकारी,
नगररचना कार्यालय, खिडकी क्र. ४ च्या आतले दालन.

विषय : उतारावरील बैठ्या घरास पाचमजली इमारत न समजण्याबाबत.
संदर्भ : आपले चौथे त्रुटिपत्र. (आधीच्या तिन्हींचा मुख्य आक्षेप तोच.)
सोबत : घराचा नकाशा, प्रत पाचवी, जागेच्या उताराचे मोजमाप, पत्नीच्या नेत्रतपासणीचा अहवाल.

महोदय,

“आधी पाणी कुठून जातं ते बघ, मग भिंत घाल. ते तुझ्या आधी आलंय.” माझे वडील गवंडी होते. मी दहा वर्षांचा असताना, हातातली थापी ओहोळाकडे रोखून त्यांनी हे सांगितले. पुढे माझा जन्म टेबलाशी बसून गेला. त्यांचे ऐकायला मला सत्तरी गाठावी लागली.

१. आमची जागा टेकडीच्या उतारावर आहे. वरच्या अंगाला खडक, डाव्या हाताला बारमाही ओहोळ, तो खालच्या टोकाशी वळून पुढे जातो. घर जुन्या वळणाचे नाही. काँक्रीट आहे, मोठ्या काचा आहेत, छपरावर सौरपट्ट्या आहेत. पण ते टेकडी जशी उतरते तसेच उतरते. पाच खोल्या एकीमागून एक, प्रत्येक आधीच्या खोलीहून दीड फूट खाली. मध्ये पायरी एकही नाही, लांब मंद उतरण आणि हाताला कठडा. बैठकीची मागची भिंत म्हणजे तो खडकच. दिवसभर ऊन पितो आणि दिवेलागणीला ऊब घरात सोडतो. कुठल्याही खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली नाही, आभाळ आहे.

२. एका फुटाहून अधिक फरकाची प्रत्येक पातळी स्वतंत्र मजला समजावी, असा आपला नियम आहे. त्यानुसार आमचे स्वयंपाकघर तिसऱ्या मजल्यावर आणि बैठक पाचव्यावर गेली आहे. म्हणून लिफ्ट हवी, आगीच्या वेळचा वेगळा जिना हवा. लिफ्ट कुठून कुठे जाईल, असे मी खिडकीवर नम्रपणे विचारले. कारकूनबाई मनाने चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, “काका, नुसती जागा दाखवा हो नकाशात. बसवा नका बसवू.” मी जागा दाखवली. तिसरे त्रुटिपत्र आले: लिफ्ट छपराबाहेर उघडते.

३. पाहणीस आलेल्या साहेबांनी पहिला मजला कुठे येणार ते विचारले. मी खाली ओहोळाकडे बोट दाखवले. पाचवा विचारला, मी आम्ही उभे होतो ती जमीन दाखवली. ते बराच वेळ वर आभाळाकडे पाहत राहिले आणि शेरा लिहून गेले: पाचवा मजला आढळला नाही, खुलासा करावा.

४. महोदय, घाई का, ते सांगतो. माझ्या पत्नीची दृष्टी कडेकडून विझत चालली आहे. डॉक्टरांनी वर्षभराची मुदत दिली, त्यातले सात महिने आपल्या चार पत्रांत गेले. दिसते आहे तोवर तिला ते घर पायांनी पाठ करायचे आहे. रोज संध्याकाळी आम्ही रिकाम्या जागेवर जातो. मी चुन्याने आखलेल्या रेघांवरून ती डोळे मिटून चालते. खडकाची ऊब पाठीला लागली की बैठक, पाण्याचा आवाज डाव्या कानाला आला की स्वयंपाकघर, तो समोर पायांखालून आला की निजायची खोली. मी हात पुढे केला तर झटकते. “मला माहितीय कुठे आलेय ते. तुम्हीच धडपडाल,” म्हणते. परवा खरोखरच मी धडपडलो आणि ती मनापासून हसली. किती दिवसांनी.

५. आपण सुचवलेला उपाय मी वाचला. खडक सुरुंगाने फोडावा, उतार सपाट करावा, ओहोळ नळात घालून वर भराव टाकावा, मग आठवड्यात परवानगी. मिळेलही. पण त्या सपाट घरात तिला कोण सांगणार की ती कुठे आहे? मुकी जमीन तर आम्हाला भाड्याच्या खोलीतही आहे.

६. तिने मला अनेकदा विचारले, “त्या कार्यालयात जाऊन इतके गप्प कसे बसता हो? एरवी माझ्याशी भाजीच्या चिरण्यावरून वाद घालता.” दरवेळी मी विषय बदलला. हा अर्ज, इतर सगळ्या कागदांसारखा, तिला वाचून दाखवूनच आपल्याकडे देणार आहे. तेव्हा पुढचे तिलाही आणि आपल्यालाही याच कागदातून कळेल.

तो नियम मी लिहिला आहे. एकवीस वर्षांपूर्वी, मुख्यालयात, जेवणाच्या सुट्टीआधीच्या अर्ध्या तासात. लोक चोरून माळे चढवत होते, त्यांना आळा घालायला. एकाही जागेवर गेलो नाही. माझ्या टेबलावर जमीन सपाटच होती. नंतर किती जणांच्या टेकड्या त्या एका ओळीने कापल्या गेल्या, ते मी कधी विचारले नाही. आणि माझ्यावर आले तेव्हा ओळख सांगायची लाज वाटली. चूक नियमाची नाही, आपलीही नाही. चूक माझी आहे. त्या चुकीची शिक्षा हिला देऊ नका, एवढेच मागणे.

आपला नम्र आणि या कामी दोषी,

(सही)
निवृत्त मसुदाकार, नियम शाखा
दिनांक : ९ मार्च