शालीजवळचा बोळा

१७ जानेवारी

प्रिय चिमणे,

तुला आणि घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, तेवढंच. तू पाठवलेली लॅव्हेंडरच्या तेलाची बाटली मिळाली हे कळवायचं राहूनच गेलं, रागावू नकोस. ‘ताई, वापरतेस की जपून ठेवलीस?’ असं विचारलंयस. अगं, वापरते म्हणजे काय, बाटली तळाला गेली!

तू सांगितलंस तसं रोज उशीवर टाकते. झोप लागते म्हणायची. फरशी पुसायच्या पाण्यात घालते, बुटांत कापसाचा बोळा ठेवते, बाथरूममध्ये वाटीभर मिठात मिसळून ठेवलंय. हे म्हणतात, ‘दारात पाऊल टाकलं की जांभई येते. हे घर आहे की भूल द्यायची खोली?’ मी हसले. हसायचं असतं तिथे हसते मी, काळजी करू नकोस.

लॉन्ड्रीतही नेली होती. इस्त्रीआधी कपड्यांवर पाणी मारतो ना आम्ही, त्या फवाऱ्यात घातलं. वकीलसाहेब दुसऱ्याच दिवशी कोट घेऊन हजर! ‘बाई, अहो, न्यायाधीश नाकाला रुमाल लावून बसले होते, आणि माझा अशील साक्ष सोडून शिंकत होता.’ मालकीणबाईंनी कोट नाकाशी नेला आणि त्यांचे डोळेच पांढरे झाले. ‘अख्खी बाटली ओतलीस की काय गं? तुला कळलं नाही?’

मी म्हटलं, सर्दी झालीय.

सर्दी नाही झालेली, चिमणे.

आई गेली, तुम्ही सगळे आपापल्या घरी परतलात, त्यानंतर मी पहिल्यांदा माझ्यापुरता चहा केला. नुसतं गरम पाणी प्यायल्यासारखं वाटलं. मग कांदा, साबण, फिनेल, हाताला येईल ते हुंगून पाहिलं. काही नाही. डॉक्टर म्हणाले, नाक साफ आहे, हळूहळू येईल वास, वाट बघा. बघतेय. रडूही येत नाही गं. येईल म्हणून खुर्चीत बसून राहते, मग स्वयंपाकाची वेळ होते, उठते.

तेल त्यामुळेच संपलं. थोड्याने कळेना म्हणून आणखी घालत गेले. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आईची करडी शाल आठवते ना, शेवटपर्यंत अंगावर होती ती? मी ती धुतली नाही. लोकांच्या कपड्यांचे वास घालवण्यात जन्म गेला माझा, पण ही तशीच घडी करून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली. नाक परत आलं की काढायची, असं ठरवलं होतं. परवा लोकरीला कसर लागू नये म्हणून कपाटात तेलाचे बोळे ठेवायला घेतले. लॉन्ड्रीत थंडीचे कपडे असेच ठेवतो आम्ही, हाताला सवयच आहे. वरच्या कप्प्यातही ठेवला, अगदी शालीला टेकून. काल कपाट उघडलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: शालीतला आईचा वास ह्या तेलाने पुसून टाकला असला तर?

बोळा फेकून दिला. शाल घेतली आणि तोंड खुपसून बसले. लोकर टोचते, एवढंच कळलं. शेवटी ह्यांच्या हातात दिली, म्हटलं, कसला वास येतो बघा जरा. ‘छान येतोय की!’ म्हणाले. बिचाऱ्यांना वाटलं, मला हेच ऐकायचंय.

आईचा वास तुझ्याइतका कुणाला ठाऊक? घोडी झालीस तरी तिच्या कुशीत झोपायचीस, किती चिडवायचे मी तुला. तर तू ये. सवडीने नको, लवकर ये. शाल मी पिशवीत घालून तोंड घट्ट बांधून ठेवलीय. उघडायची तू. येताना अत्तरबित्तर काही लावून येऊ नकोस. आणि आई त्यात नसली तर नाही म्हणून सांग, माझं मन राखायला जाऊ नकोस. मला कुणाकडून तरी खरं ऐकायचंय. ऐकल्यावर कदाचित रडू येईल, तेव्हा तू जवळ असलेली बरी.

पिशवीची गाठ न सोडता बसलेली,
तुझी ताई