बावन्न प्रश्न आणि मुंगी

४ मार्च
निरीक्षणगृहात मानसिक तपासणीचं काम आजपासून माझ्याकडे. केसचा निकाल लागेपर्यंत इथे ठेवलेल्या अठ्ठावीस मुली. बावन्न प्रश्नांचा फॉर्म, उत्तर फक्त हो किंवा नाही. दहा 'हो' झाले की लाल शेरा, आणि चोवीस तासांत डॉक्टर. पद्धत चोख आहे. बायको म्हणाली, स्वतःच्या मुलीला 'जेवलीस का' एवढं तरी विचारत जा. तिला प्रोफेशनल कामातलं कळत नाही.

५ मार्च
सात मुली झाल्या. सहा जणींनी 'नाही'चा पाढा वाचला. सातवी सोळा वर्षांची, मोबाईलचोरीची केस. सगळ्या तिला मुंगी म्हणतात. तिने आधी विचारलं, सर, हे कोण वाचणार? म्हटलं, फक्त मी आणि डॉक्टर. खरं सांगितलंस तर मदत मिळेल. मग बोलली. झोप लागत नाही. जगावंसं वाटत नाही. शेजारच्या कॉटवरची ताई हात धरून बसते, तेवढाच आधार. एकोणीस 'हो'. लोक माझ्यापाशी मन मोकळं करतात, हे मान्य करायलाच हवं.

६ मार्च
डॉक्टरांची जागा दोन वर्षं रिकामी आहे म्हणे. वरच्या ऑफिसला कडक पत्र लिहिलं. लाल शेरा बघून अधीक्षक मॅडमनी मुंगीला सुरक्षेसाठी वेगळ्या खोलीत एकटं ठेवलं. म्हणजे फॉर्मची दखल घेतली गेली.

१२ मार्च
पत्राला उत्तर नाही. स्मरणपत्र धाडलं. आज मुंगीची तारीख. आई तिला घरी न्यायला कपड्यांची पिशवी घेऊन आली होती. कोर्टाने माझा शेरा वाचला आणि मुक्काम दोन महिने वाढवला, उपचारांसाठी. आईने मला जिन्यात गाठलं. म्हणाली, साहेब, तुम्ही असं काय लिहिलंत? मी पद्धत समजावली. ती पिशवीची गाठ सोडत-बांधत राहिली.

१४ मार्च
उरलेल्या एकवीस जणी एका दिवसात उरकल्या. प्रत्येकीचे बावन्न 'नाही'. प्रश्न पुरा व्हायच्या आत 'नाही'. वरच्या ऑफिसातून साहेबांचा फोन आला, असा निकाल आजवर कुणी दिला नाही म्हणाले. हे माझ्या समजावण्याचं फळ. बहुतेक.

१९ मार्च
मुंगीची फेरतपासणी. भिंतीकडे बघत बावन्न वेळा 'नाही'. मग विचारलं, सर, आता ताईजवळ पाठवाल ना?
ताईला सोमवारीच दुसऱ्या गावी हलवलं. मी म्हणालो, बघतो.
शेऱ्यात 'सुधारणा' लिहिलं. खोडलं. कोरा फॉर्म शिल्लक नव्हता. खाली पुन्हा तेच लिहिलं.