पिनेवाचून आलेली ट्रॉली

प्रिय बजरंग,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट फेकून देशील, म्हणून पत्राचं कारण शेवटाला ठेवलंय. आधी बातमी सांगतो. आपला संगमेश्वर बियाणं बघायला जहीराबादला गेला होता. तिथं एका गॅरेजात त्यानं तुला इंजिनावर वाकलेला बघितला. हाक मारायचा धीर झाला नाही म्हणे, पण पाटीवरचा पत्ता चिठ्ठीवर उतरवून आणला. मायला अजून सांगितलं नाही. गुडघे गेलेत तरी ती त्याच दिवशी एसटीत बसेल, तुला तिचा स्वभाव ठाऊक आहे.

घरी तसं बरं चाललंय. तुझी वहिनी माझ्याशी जेवणापुरतं बोलते. भांडण एका ट्रॉलीवरून आहे. औंदा कारखान्याचा ऊस वाहायचं ठरवलं. ट्रॅक्टर घरचा आहे, पण आपली ट्रॉली विकल्यापासून मी दुसरी घेतलीच नव्हती. कंधारच्या अलीकडं एका शेडमधे चार चाकांची जुनी ट्रॉली स्वस्तात मिळाली. कागद विचारले तर विकणारा म्हणला, ट्रॉलीला कोण कागद मागतंय, ती काय पळून जाणार हाय? मीही हसलो. अक्कल गहाण टाकली होती त्या दिवशी, दुसरं काय.

मे महिना, भर दुपार. जोडताना पिन घातली, पिनेची क्लिप लावली, दोनदा हिसका देऊन बघितला. पिनेच्या बाबतीत मी अकरा वर्षं असंच करतो, लोक हसतात. रिकामी ट्रॉली वाटभर आदळआपट करते, कान किटून जातात. ही मुकाट्यानं आली. खडकीच्या चढाला मी कधीच मागं बघत नाही, तेव्हाही बघितलं नाही. दारात येऊन सोडवायला उतरलो तर हुकात पिनच नाही. दांडीचं कडं हुकात नुसतं टेकलेलं. पिन सापडली सीटखालच्या टूलबॉक्समधे, क्लिप लावलेली, आणि हातात घेतली तर गार. दिवसभर उन्हात तापलेल्या डब्यातलं लोखंड गार लागलं, बजरंग. तुझी वहिनी म्हणली, ऊन लागलंय तुम्हाला, डोक्यावर ओलं फडकं घ्या. मी घेतलं. मलाही तेच खरं वाटायला हवं होतं.

कारखान्यावर करार करायला गेलो तर त्यांनी ट्रॉलीचं आरसी बुक मागितलं. त्याच्याशिवाय गेटात घेणार नाहीत, आणि नोंदणीची मुदत पोळ्यापर्यंत. लातूरला आरटीओसमोर अण्णाराव म्हणून एक एजंट बसतो. पान खाऊन खाऊन दात लाल झालेत, पण माणूस हुशार. तो म्हणला, काळजी करू नका, दांडीवरचा रंग खरडा, चेसीस नंबर घिऊन या, बिनकागदाची लई प्रकरणं काढलीत म्या.

मी पत्र्याचा तुकडा घेऊन बसलो. वर निळा, त्याखाली लाल, लालाखाली हिरवा. तो हिरवा बघून माझा हात थांबला. बापूनं पेंटरपुढं उभं राहून कालवून घेतलेला रंग तो, दुसऱ्या कुणाचा असणार नाही. नंबर राहिला बाजूला, मी मागच्या फाळक्याकडं गेलो आणि खरडत सुटलो. खाली पिवळ्या अक्षरात तुझं नाव होतं. धाकट्याच्या नावानं घेतोय म्हणून बापूनं मिरवत लिहून घेतलेलं.

तुला आठवत असेल, गाडी असो की ट्रॉली, विकताना वरचं नाव घरच्यानं स्वतःच्या हातानं खरडायचं, मगच दाराबाहेर काढायची. बापूनं बैलगाडीपासून हे पाळलं. तुझं नाव कुणी खरडलं नाही. त्या आठवड्यात कुणाला सुचणार होतं? घेणाऱ्यानं वरून लाल मारला आणि नेली. आता माय काठी टेकत आली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणली, नाव काढलं न्हाई तर ती घर कसं सोडील? एवढं बोलून भाकरी करायला गेली.

तेव्हापासून सकाळी ट्रॉलीचं तोंड रस्त्याकडं वळलेलं असतं. चाकांना दगड लावले. दगड जिथल्या तिथं राहतात आणि ट्रॉली हातभर फाटकाकडं सरकलेली दिसते. हेही मी सोसलं असतं. पण फाळक्याच्या डाव्या कोपऱ्यावर चुन्याचं बोट पुसलेलं असतं, ओलं. पारूआत्या पान लावून झालं की तिथंच बोट पुसायची, आणि बापू रोज तिला रागवायचा. मी रोज दुपारी फडक्यानं पुसतो. दुसऱ्या दुपारी पुन्हा तसंच. तुझ्या वहिनीला दाखवलं. त्या दिवसापासून ती ट्रॉली विका म्हणून भांडते. आपल्या घरात पान खाणारं आता कुणी नाही.

नंबर घेऊन लातूरला गेलो. अण्णारावनं बघून सांगितलं, ट्रॉली अजून बजरंगच्याच नावावर हाय, मधल्या कुणी नावावर करून घेतलीच न्हाई. आता दोनच वाटा. एक तर मालकाची सही आणा. न्हाईतर भाऊ सात वर्षांच्या वर लापता हाय, जिता हाय का मेला ठाव न्हाई असं लिहून द्या, कोर्टातून मेलेला धरून घिऊ, मग वारसाच्या नावानं काढू. त्यानं प्रतिज्ञापत्र टाईप करून पुढं सरकवलं. सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की भावाचा काहीही ठावठिकाणा नाही. संगमेश्वरची चिठ्ठी माझ्या खिशात होती, बजरंग, तरी मी पेन उघडलं. लाज वाटते लिहायला. डाव्या हाताचं बोट कागदावर टेकवलं, तर तिथं पांढरा ठसा उमटला. चुना. त्या दिवशी मी सकाळीच घर सोडलं होतं, फाळक्याला हातही लावला नव्हता. कागद तिथंच टाकून मी एसटी धरली.

आता कारण. त्या दिवशी ज्वारीची पोती अहमदपूरच्या मोंढ्यावर न्यायची होती. आत्या पोत्यांवर बसली होती, तू चालवत होतास. ट्रॉली मी जोडली होती. पिनेची क्लिप सापडेना आणि बापू घाई करत होता, म्हणून मी बाभळीची काडी खोचली. खडकीच्या चढावर काडी तुटली, पिन उडाली आणि ट्रॉली आत्यासकट मागं पुलाखाली गेली. आत्या जागीच संपली. लोक म्हणले, बजरंगनं वेगात चढवली. तू सगळ्यांदेखत मला एकच विचारलंस, दादा, क्लिप लावली होती ना? मी हाव म्हणालो, लावली होती. त्या एका हाववर बापूनं तुला दारात उभं केलं नाही, आणि बापू वारला तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. आता दुसरं प्रतिज्ञापत्र केलंय. त्यात काडी आहे, हाव आहे, माझी सही आहे. काल पारावर सगळ्यांपुढं वाचून दाखवलं. माय ऐकून उठून गेली, अजून माझ्याशी बोललेली नाही. त्याची प्रत सोबत आहे. मला तुझी सही नको, कारखाना गेला तरी चालेल. ट्रॉली तुझी आहे. आज कोपऱ्यावर चुना नव्हता, पण पुढची दोन चाकं फाटकाबाहेर गेलीत, आणि मी दगड लावले नाहीत. न्यायला ये. जोडताना पिन तू घाल, क्लिप मी लावतो, आणि तू वाकून नीट बघून घे.

तुझाच,
अमृतदादा