पाहुणा आहे तोवर

दि. १९ मे, दुपार

चि. ठमे,

तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुझा खोकला गेला का? गेला नसेल तर गरम पाण्याच्या गुळण्या कर, आणि गेला असला तरी फ्रिजमधलं पाणी पिऊ नकोस. पंख्याखाली डोकं करून झोपायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे, त्यानेच होतं हे सगळं.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोन लावला की तुझी आई समोरच्या खुर्चीत येऊन बसते आणि माझ्या तोंडाकडे बघत राहते. तिच्याबद्दल तिच्यासमोर काय बोलणार? आता ती आत झोपली आहे. पाहुणा उंबऱ्यावर शेपटी पसरून आडवा पडलाय. तोही म्हातारा झाला, पण ती झोपली की दार अडवून पडायचं हे त्याचं त्यानेच ठरवलंय. ती उठायच्या आत हे लिहून व्हायला हवं. माझी शाळा किती झाली ते तुला माहीत आहे, चुका पोटात घाल.

परवा तू रागावलीस. रागावणारच. सुट्टी काढलीस, खोली झाडून घेतलीस, जेवायची थांबलीस, आणि संध्याकाळी मी फोन करून सांगितलं की गाडीचं पाणी उकळलं, आम्ही अर्ध्या वाटेतून घरी परत आलो. तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला यायचंच नव्हतं." आई समोरच्या खुर्चीत होती.

पाणी उकळलं हे खरं आहे. पण ते सकाळीच उकळलं होतं, आणि नवीन पाणी भरल्यावर गाडी सरळ चालली. अजून चालते आहे.

निघालो तेव्हाच माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. गॅस बंद केला का, म्हणून गल्लीच्या टोकावरून मागे आलो. मग कुलूप ओढून बघायला पुन्हा आलो. समोरचा न्हावी दुकानाच्या पायरीवर उभा होता. म्हणाला, काका, तुम्ही निघताय की येताय ते एकदा ठरवा, म्हणजे मला टाटा करता येईल. तुझी आई खूप हसली. तिला असं हसताना बघून मला वाटलं, हिला काही झालेलं नाही, ठमी उगाच घाबरते. घाबरटपणा तू माझ्याकडूनच घेतलायस.

पाहुणा गाडीत एकटा बसला की ओकतो, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून आई नेहमी मागे त्याच्याजवळ बसते, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. या वर्षी त्याच्या मागच्या पायांतला जोर गेला, त्याला सीटवर चढवेना. मी जन्मभर लोकांच्या गाड्यांच्या सीटा शिवल्या, आपल्या कुत्र्यासाठी नाही करणार? मागची सीट पूर्ण उसवली, खालच्या स्प्रिंगा काढून टाकल्या आणि पातळ फोम घालून पुन्हा शिवली. आता पाहुणा पायरी चढावी तसा चढतो. मी खूश होतो कामावर. फक्त एक झालं. तुझी आई आधीच चणीने लहान, त्या खोलगट सीटवर बसली की आरशात दिसेनाशी झाली. आरशात नुसती मागची काच आणि रस्ता. मला त्याचं काही वाटलं नाही. आहे मागे, दिसायला कशाला हवी?

पाणी उकळलं तिथे एक पंक्चरवाल्याचं दुकान होतं. पुढे नळ, मागे झाड. मी इंजिन थंड व्हायची वाट बघितली, बॉनेटमध्ये डोकं घालून पाणी भरलं. तेवढ्यात मागचं दार लागल्याचा आवाज ऐकला. आली, बसली, असं समजून बॉनेट पाडलं आणि निघालो.

ठमे, ती बसली नव्हती. पाहुण्याला पाणी पाजायला उतरली होती आणि उतरून तिने दार लावलं होतं.

मी बोलत सुटलो होतो. तुला माहीत आहे मी गाडी चालवताना कसा बोलतो. तू म्हणतेस ना, बाबांच्या गाडीला रेडिओ बंद करायचं बटण नाही. मी तिला शिकवत होतो. जावईबापू चष्म्याच्या दुकानात काम करतात, विसरू नकोस. ठमीचं घर वरच्या मजल्यावर, पायऱ्या उजवीकडून. ती काही विचारायला लागली की गोंधळायचं नाही, नुसतं हसायचं, बाकीचं मी बघतो. कारण तू जी खोली तयार करत होतीस ना, ती कशासाठी ते मला कळलं होतं. आई आता माझ्याकडे राहू दे, तुमच्याने होणार नाही, हे तू तोंडाने म्हणाली नव्हतीस एवढंच. मला तुला दाखवायचं होतं की तिला सगळं आठवतं. मी तिच्याकडून पाठ करून घेत होतो. ती उत्तर देत नव्हती तर मी म्हणालो, रुसलीस का? नाही तरी आता तुझं बोलणं कमीच झालंय.

मग मला तहान लागली. मी हात मागे केला.

इतक्या वर्षांत मला पाणी मागावं लागलेलं नाही. हात मागे गेला की त्यात बाटली येते, झाकण काढलेली. तो हात तसाच राहिला. मी म्हटलं, अगं. आणि मग गाडी कडेला घेतली आणि वळून बघितलं.

पुढचं मला नीट आठवत नाही. गाडी कशी फिरवली, कोणाच्या शिव्या खाल्ल्या, काही नाही. एवढंच आठवतं की ती जागा येईना. येताना जवळ वाटली होती.

ती झाडाखाली एका जुन्या टायरवर बसली होती. पाहुण्याची दोरी मनगटाला गुंडाळून. पंक्चरवाला बिचारा काम सोडून तिच्याजवळ उभा होता. मला बघून म्हणाला, काका, लोक छत्री विसरतात, तुम्ही तर घरच विसरून गेलात. मला त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. आणि फुटला तो तिच्यावर. सांगून उतरायला काय होतं, म्हणून मी तिच्यावर ओरडलो. ते लिहायला लाज वाटते, पण ओरडलो.

तिने माझ्याकडे बघितलं. केस सारखे केले. आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "तुम्ही कोणाला शोधताय?"

मी म्हटलं, अगं, मी. ती म्हणाली, "आमचे हे येतायत इतक्यात. जरा बडबडे आहेत, पण येतात."

मी पुन्हा म्हटलं, "अगं, मीच तो."

"असं सगळेच म्हणतात," ती म्हणाली.

ठमे, तुला आठवतं ना, शाळेच्या फाटकावर ती कशी उभी राहायची. शाळा सुटली की एकेक पोर हाताने धरून ठेवायची. येणारा प्रत्येक जण म्हणायचा मी मामा, मी काका, घाई आहे, सोडा. ती नाही सोडायची. हेडमास्तरांच्या भावालासुद्धा तिने उन्हात उभं केलं होतं, आठवतं? माणूस काय म्हणतो ते ऐकायचं नाही, पोर कोणाकडे धावतं ते बघायचं, हा तिचा नियम. पोर धावत जाऊन बिलगलं की मगच हात सोडायचा. इतक्या वर्षांत तिच्या हातून एकही पोर चुकीच्या माणसाबरोबर गेलं नाही. आपल्याला ती ते अभिमानाने सांगायची आणि आपण जांभया द्यायचो.

तर मी तिच्या फाटकापुढे उभा होतो. मामा-काकांच्या रांगेत.

तेवढ्यात पाहुणा उठला. त्याला उठायला किती त्रास होतो ते तू बघितलं नाहीस अजून. आधी पुढचे पाय, मग थांबतो, मग मागचं धड ओढतो. तसा उठला, माझ्याकडे आला आणि माझ्या दोन्ही गुडघ्यांमध्ये डोकं घालून उभा राहिला. शेपटी हलत होती.

तिने ते नीट बघितलं. मनगटावरची दोरी सोडवली आणि माझ्या हातात दिली.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "न्या. सांभाळून न्या, पायाने अधू आहे." आणि ती तिथेच बसून राहिली. रस्त्याकडे बघत.

ती मला घेऊन जायला सांगत होती ते कुत्र्याला. ती स्वतः माझी वाट बघत थांबणार होती.

पंक्चरवाल्याने तोंड फिरवलं. शेवटी मी म्हणालो, "बाई, तुम्हीही येता का? हा तुमच्याशिवाय गाडीत बसत नाही. ओकतो." तिला ते पटलं. आधी तिने पंक्चरवाल्याला बजावलं की आमचे हे आले तर त्यांना सांगा, पाहुण्याला सोडून येते. मग मागे बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो पंक्चरवाला भला माणूस, तो म्हणाला, सांगतो.

मी गाडी चालू केली आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडीत गप्प बसलो. अनोळखी माणूस काय बोलणार तिच्याशी? बरंच अंतर गेल्यावर खांद्याला काहीतरी थंड लागलं. पाण्याची बाटली. झाकण काढलेली. मागून आवाज आला, "आज तोंडाला कुलूप का? घरचं राहिलं की काय लावायचं?"

मी पाणी प्यालो. आणि पुढच्या फाट्यावर तुझ्याकडे वळायच्या ऐवजी घराकडे वळलो.

का वळलो ते आता खरं सांगतो. तुझ्या दारात तिने तुला ओळखलं नसतं तर तुझ्या तोंडाकडे मला बघवलं नसतं, हे एक. पण तेवढंच नाही. तिने तुला ओळखलं असतं आणि मला नाही, तर? तू हात धरून तिला आत नेलं असतंस आणि तिने तुला विचारलं असतं, हे कोण गृहस्थ दारात उभे आहेत. त्याची मला जास्त भीती वाटली. बाप असून असं लिहितो आहे, काय म्हणायचं ते म्हण.

त्यानंतर असं एकदाच झालं, बहुतेक. सकाळी मी चहा घेऊन गेलो तर तिने आधी पाहुण्याकडे बघितलं. तो माझ्या पायाशी आला, मग तिने कप घेतला. आता मी कुठल्याही खोलीत जाताना आधी त्याला हाक मारतो. न्हावी म्हणतो, काका, कुत्र्याला पेन्शन द्या. त्याला काय माहीत.

जनावरांच्या डॉक्टरांकडे काल त्याला नेलं. त्यांनी पाय बघितले, पोट दाबून बघितलं आणि मला म्हणाले, खातोय तोवर खाऊ द्या, आवडेल ते द्या. असं ते कधी म्हणतात ते मला कळतं. हा उन्हाळा काढेल की नाही सांगवत नाही म्हणाले.

म्हणून हे पत्र. ठमे, तू ये. पाहुणा आहे तोवर ये. दारात येऊन पडला आणि गेलाच नाही, म्हणून त्याचं नाव तूच ठेवलंस, तुला तो विसरायचा नाही. धावणं आता त्याच्याने होणार नाही, पण तो उठेल आणि तुझ्याकडे येईल, आणि ती बघत असेल. एकदा तिच्या डोळ्यांदेखत तुझी ओळख पटू दे. मग तू म्हणशील तसं. तुझी ती खोली मला मान्य आहे. फक्त तीत माझी खाट बसते का बघ. नाही बसली तर मला खाली गादी चालेल, गाद्या शिवता येतात मला. पण मला फाटकाबाहेर ठेवू नकोस.

जावईबापूंनाही आण. गाडी त्यांनी चालवावी. मला आता मागे बसायचं आहे, त्या खोलगट सीटवर, तिच्या बाजूला. पाहुणा मध्ये बसेल. तिघं मावतो, मी काल बसून बघितलं.

आई उठली वाटतं. खाट वाजली. पाहुणाही उठायला लागलाय, आधी पुढचे पाय. ती दारात येऊन विचारते आहे की कोणाला लिहिताय. मी म्हटलं, लेकीला. ती म्हणते, उन्हाची येऊ नको म्हणावं, सकाळीच निघ.

तेव्हा सकाळीच निघ.

तुझा बाप,
सध्या पाहुण्याच्या ओळखीवर या घरात राहणारा