ट्रेलरवरचे दोन ठोके

प्रिय जोलीन,

पत्रासोबत आलेलं खोकं आधी उघडू नकोस. आणि हे पत्र शेवटपर्यंत वाचून होईतो ट्रेलर अंगणातून तसूभरही हलवायचा नाही. नेल्सलाही बजावून ठेव. तो माझा मुलगा असला तरी आईचं पत्र पहिल्या पानावरच सोडून देतो, म्हणून तुझ्या नावानं लिहिते आहे. परवा तळ्यावरचं बर्फ फुटलं. मे महिन्यात गाडीमागं चाकांवरचं घर ओढत हिंडणाऱ्या जुन्या ट्रेलरवाल्यांचा मेळावा आहे, दोनशे मैलांचा रस्ता आहे, आणि तू आतापासूनच पडदे धुवायला काढले असशील. फोनवर तसं म्हणालीस ना, "वर्ना, पडद्यांवर अजून आर्विडच्या पाइपचा वास आहे हो!" मी म्हटलं, "असू दे." आणि फोन ठेवून उगाच भांडी घासत बसले. घासलेलीच होती.

मी इकडे बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालतात. चर्चच्या तळघरात रविवारी कॉफीला बसलं की बायका म्हणतात, "सून फार गुणी मिळाली हो तुला, वर्ना. पुरुषाच्या वरताण ट्रेलर जोडते म्हणे!" मी म्हणते, "हो ना," आणि हातातल्या बिस्किटाचे बारीक बारीक तुकडे करत राहते. परवा एकीनं माझ्या बशीत बघून विचारलं, "काय गं, पाखरांना घालणार आहेस का?"

तुला एक गोष्ट कधी कुणी सांगितली नसेल. ट्रेलरच्या नाकाडावर सुपाच्या वाडग्याएवढा पोचा आहे ना, तो माझ्यामुळे पडला. आम्ही तो ट्रेलर घेतला तेव्हाच तो जुना होता, अठ्ठावन्न सालचा. पहिलाच उन्हाळा. आर्विड ट्रेलर जोडायला गाडी मागं घेत होता आणि मी ट्रेलरच्या कडेला उभी राहून हातांनी खुणा करत होते. आपल्याकडचे जूनमधले मच्छर तुला माहीत आहेत. दोन माझ्या दोन्ही कानांशी आले आणि मी दोन्ही हातांनी ते हाकलले. आर्विडला आरशात दिसलं, बायको म्हणते आहे, ये, ये, अजून ये. तो आला. गाडीमागचा लोखंडी गोळा थेट ट्रेलरच्या पत्र्यात. तो ओरडला नाही, त्याचा तो स्वभावच नव्हता. उतरला, पोच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "वर्ना, तू आत बस. कॉफी घे. वाच."

त्या एका वाक्यावर मी चौतीस उन्हाळे आत बसले. तक्रार नाही करत. माझं सगळं शिक्षण ट्रेलरमधल्या त्या हातभर टेबलावर झालं. शाळा मी नववीत सोडली होती. पुढचं सगळं गावोगावच्या वाचनालयांतून आणलेल्या पुस्तकांनी शिकवलं. पण बाहेर तो रोज सकाळी त्या म्हातारीपुढे गुडघे टेकून बसायचा. म्हातारी म्हणजे ट्रेलर. तो तिला म्हातारीच म्हणायचा. माझ्यापुढे त्यानं आयुष्यात एकदाच गुडघा टेकला, तोही अंगठी देताना, आणि उठताना म्हणाला, "ओल आहे खाली." म्हातारीपुढे मात्र ओल, चिखल, खडी, काहीही चालायचं.

तो बाहेर काय करतो ते मला फक्त कपातल्या कॉफीवरून कळायचं. आधी गाडीचा गोळा ट्रेलरच्या वाटीत बसल्याचा धप्प आवाज. मग खिट्टी पडल्याचा. मग तो जॅकनं ट्रेलरचं तोंड वर उचलायचा, वाटीनं गोळा धरला असेल तर गाडीची शेपटीही सोबत उचलली जाते, ते बघायला. तेव्हा माझी कॉफी कपात मागच्या काठाकडे सरकायची. मग हळूहळू परत सरळ व्हायची. आणि मग बाहेरून, बरोबर माझ्या खांद्यामागं, पत्र्यावर दोन ठोके. ठक, ठक. म्हणजे सगळं ठीक, निघू या. जोलीन, आर्विड काही गोड बोलणारा माणूस नव्हता. वाढदिवस त्याला दोन दिवसांनी आठवायचा. चौतीस वर्षं मला जे काय मिळालं, ते त्या दोन ठोक्यांत होतं.

मग तू आलीस. ट्रेलरचं नाव काढलं की नेल्सची पाठ धरते, हे आपण सगळे जाणतो. पण तू पहिल्याच सकाळी चिखलात आर्विडच्या शेजारी बसलीस. मी आतून ऐकत होते. त्याच्या हातातलं वाटी पुसायचं फडकं बघून तू म्हणालीस, "आर्विड, ही चिंधी आहे की काय आहे? हिला तर स्वतःलाच धुवायला हवं." आणि तो म्हणाला, "पोरी, ती तुझ्या नवऱ्यापेक्षा वयानं मोठी आहे. मान ठेव." आणि तुम्ही दोघं हसलात. रॉकेलनं वाटी कशी पुसायची, पुसल्यावर आत बोट फिरवून ओरखडे कसे शोधायचे, गोळ्याला खालून धरणारी ती लोखंडी जीभ किती घट्ट ठेवायची, सगळं त्यानं तुला सांगितलं. "गोळा फिरला पाहिजे, पण खडखडता कामा नये. संसारासारखं." हे वाक्य मी चौतीस वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. मग माझी कॉफी मागं सरकली, सरळ झाली, आणि ठोके आले. हलके, घाईचे. मला लगेच कळलं. खिडकीतून बघितलं तर पत्र्यावर तुझा हात होता आणि तो बाजूला उभा राहून कौतुकानं बघत होता.

त्यानं ठोकेही तुला देऊन टाकले होते. आत कोण बसलं आहे आणि ते कशाची वाट बघतं आहे, हे त्याच्या मनातही आलं नसेल. मी कॉफी मोरीत ओतली. त्या दिवशी भट्टीत भाजलेल्या खिमा-भाजीच्या हॉटडिशवरचे सगळे कुरकुरीत बटाटे मी नेल्सच्या आणि माझ्या ताटात घेतले आणि तुला मधला गिचका वाढला. तू म्हणालीस, "किती छान झालंय, वर्ना!" अशी माणसं फार त्रास देतात.

गेल्या उन्हाळ्यात आर्विडच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्यानं कुणाला कळू दिलं नाही. तो वाटी बघायचा कमी आणि तिच्यात ग्रीस भरायचा जास्त. मला वाटलं, तुझ्यासमोर हात सैल सोडतो आहे. ऑक्टोबरमध्ये त्याच्या हृदयानं दगा दिला, तेव्हा तू होतीसच. पण इस्पितळातल्या शेवटच्या दुपारी तू आणि नेल्स खाली जेवायला गेला होतात, तेव्हा तो मला म्हणाला, "म्हातारी जोलीनला दे. तिला येतं." मी त्याच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. मला काय येतं, हे मी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली.

त्याला पुरून आल्यावर आठवडाभरानं मी वाचनालयातून ट्रेलरच्या दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक आणलं. दोनदा वाचलं. मग एक जुनी गोधडी खाली अंथरली, बॅटरी तोंडात धरली आणि अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा ट्रेलरच्या त्या वाटीखाली पाठीवर आडवी झाले. आर्विडचीच चिंधी घेतली. रॉकेलनं सगळं ग्रीस पुसून काढलं, अर्धा डबा निघालं असेल. आणि पुस्तकात दाखवली होती तिथंच, जिभेच्या मुळाशी, केसाएवढी चीर होती. खालचं नटही झिजलेलं, हातानंच फिरत होतं. उचलून बघितलं तर शेपटी उठणारच. गोळा धरला गेला एवढंच त्यातून कळतं, ती जीभ अजून किती मैल धरील हे कळत नाही. ते त्याला दिसलं नव्हतं. तुला दिसलं नव्हतं, कारण तू त्याच्याकडून शिकलीस. ते दिसलं मला.

आता जे लिहिते आहे ते फोनवर सांगता आलं नसतं. फोनवर मी एवढंच म्हटलं असतं, की तो भाग खराब आहे, बदलून घे. तू म्हणाली असतीस, "बरं झालं सांगितलंत," आणि मी सुटले असते. मला सुटायचं नाही. नोव्हेंबरमध्ये तू ट्रेलर न्यायला आलीस त्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा खाली आडवी झाले आणि त्या चिरेवर बोटानं जाड ग्रीस भरून ठेवलं. तुला दिसू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत उभी राहिले. तू ट्रेलर सुटलाच तर धरायच्या साखळ्या खालून एकमेकींवरून नेऊन लावल्यास, जॅक उचलून शेपटी बघितलीस, अगदी त्याच्यासारखी. मग रिकाम्या ट्रेलरवर दोन ठोके दिलेस. आत कुणी नव्हतं गं. तरी दिलेस. तेवढ्यात मी दार उघडून ओरडायला हवं होतं. मी नाही ओरडले. बारा मैल. पंचवीस मिनिटांनी तुझा फोन आला, "पोचले हो वर्ना, लोण्यासारखा आला!" माझा जीव भांड्यात पडला. आणि त्याच्या मागून आणखी काहीतरी आलं, त्याचं नाव लिहितेच, ती निराशा होती. तुला इजा व्हावी असं मनात नव्हतं, शपथ घेऊन सांगते. फक्त कुणालातरी कळायला हवं होतं, की तुला सगळंच येत नाही. त्यासाठी मी तुला बारा मैल त्या चिरेवर पाठवलं.

खोक्यात नवी जीभ, स्प्रिंग, नट आणि खिट्टीची पिन आहे. मापं मी स्वतः घेतली आहेत. तू हात लावू नकोस; शनिवारी सकाळच्या बसनं मी येते आहे. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, उघडलं नाहीस तर मी अंगणातच माझं काम करून परत जाईन. नेल्सला सगळं सांगितलंस तरी माझी हरकत नाही. पण उघडलंस, तर असं करू या. पुस्तकातलं मला येतं, हातातलं तुला. नट किती आवळायचं ते तू मला शिकव, चीर कुठं शोधायची ते मी तुला दाखवते. सगळं बसलं की तू आत जा, त्या टेबलापाशी बस, कॉफी घे. जॅक मी उचलेन. कॉफी मागं सरकेल, मग सरळ होईल, घाबरू नकोस. आणि मग पत्र्यावर ठोकेन मी. ते कुणालाही द्यायला आर्विडला माझी परवानगी नव्हती. ते माझे आहेत. पण आत बसून ऐकायला कसे लागतात, ते तुलाही कळू दे.

तुझीच,
वर्ना