उचापत्या एका जागी बसत नाही

ता. ९ जानेवारी

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं डोकं आहे की चाळणी? पत्रात ऐटीत लिहिलंस की डब्यात बारा टोस्ट आहेत, आणि मी परातीत ओतून मोजले तर सहा. अगं, मला अक्षर येत नसलं तरी बारापर्यंत मोजता येतं. शाळेत दप्तर विसरायचीस, आता टोस्ट विसरतेस, उद्या स्वतःच्या लग्नाला जायचं विसरशील. हे पत्र नेहमीप्रमाणे पुढच्या खोलीतल्या शिवणबाई लिहून घेताहेत. डब्यात बाराच होते असं त्यांचं म्हणणं. तू त्यांना चांगली कात्री आणून दिलीस ना, तेव्हापासून त्या तुझ्याच पक्षात.

आता कामाचं. मागच्या महिन्यात मी नळापाशी पडले. हे तुझ्या बापाला कुणी कळवलं ते मला माहीत आहे. ती व्यक्ती या क्षणी मान खाली घालून लिहिते आहे. बाप आला, सबंध दिवस घरभर फिरला आणि जाताना म्हणाला, की फेब्रुवारी संपायच्या आत घर आवरायचं आणि त्याच्या चौथ्या मजल्यावर राहायला यायचं. मी म्हटलं येते, पण उचापत्या बरोबर येईल. त्यावर त्याचा चेहरा पडला. त्यांच्या इमारतीत समितीची परवानगी असल्याशिवाय कुत्रा ठेवता येत नाही. अर्जाला फोटो लावावा लागतो, आणि त्यात चेहरा स्पष्ट हवा, दोन्ही कान हवेत, चारी पाय हवेत आणि प्राणी शांत बसलेला हवा. परवानगी नाही मिळाली तर उचापत्याला गावाबाहेरच्या प्राण्यांच्या आश्रमात सोडायचं. तिथे एकेका पिंजऱ्यात चौघे असतात म्हणे. पाच वर्षांपूर्वी तो माझ्या पदरात मावत होता. तो नाही तर मीही येणार नाही, हे मी बापाला सांगून टाकलं आहे.

पण फोटो काढायचा कसा? शिवणबाईंच्या फोनमध्ये एकदा कान आला, एकदा शेपूट, आणि एकदा तर नुसता धूर. फोटोवाल्याला घरी बोलावलं, तर उचापत्याने त्याची दिव्याची छत्री आडवी केली. तो पुन्हा येणार नाही. तू त्याच धंद्याच्या दुकानात बसतेस, म्हणून तुला सांगते. मला एक कॅमेरा पाठव. स्वस्त हवा, हलका हवा, एका बटणाचा हवा आणि त्यावर वाचायचं काही नको. डोळ्यांची काळजी करू नकोस. अडतीस वर्षं बटणांच्या कारखान्यात निवड केली आहे. हजारात एका बटणाचं भोक वाकडं असलं तरी ते मला लांबून दिसायचं.

आजीवर माया ठेव आणि उत्तराला टोस्टांसारखी काटकसर करू नकोस.

तुझी आजी
(अंगठा)

ता. १७ जानेवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

टोस्ट बारा होते. मी दोनदा मोजले आणि दुकानाचे मालक साक्षीला आहेत. चोर घरातच शोध, त्याला शेपूट असेल.

कॅमेऱ्याचा मी चार दिवस विचार केला. मोठ्या भिंगाचे कॅमेरे झकास असतात, पण तुझ्या मनगटाला जड आणि आपल्या खिशालाही जड. नवे स्वस्त मिळतात ते बटण दाबल्यावर क्षणभर विचार करत बसतात, आणि तेवढ्यात उचापत्या पलीकडच्या गल्लीत पोचलेला असतो. फोनचंही तेच होतं. म्हणून जुन्यातलाच एक निवडला. एका शाळामास्तरांनी परत केलेला आहे. कड घासली आहे, पण आतून चपळ आहे. मी स्वतः उघडून साफ केला आणि बॅटरी नवी घातली. दोरी मनगटात अडकवूनच हातात घे.

तुझ्यासाठी खास गोष्ट म्हणजे त्याच्या डोक्यावर एक चकती आहे आणि तिच्यावर अक्षरं नाहीत, चित्रं आहेत. एकूण सहा. चेहरा, डोंगर, फूल, चंद्र, मेणबत्ती आणि धावणारा माणूस. धावणारा माणूस पांढऱ्या ठिपक्यासमोर आणायचा. मग पळणारी वस्तूही थिजल्यासारखी येते. आणि बटण नुसतं टिचकीसारखं दाबू नकोस, दाबून धर. तो एकामागून एक फोटो काढत राहील. पन्नासातला एक तरी आपला.

सकाळी मागच्या दारापाशी उजेड छान असतो, तिथे काढ. बुटक्या स्टुलावर बस, म्हणजे त्याच्या उंचीला येशील. त्याला हाक मारू नकोस. नाव ऐकलं की तो उडी मारतो. झालं की शिवणबाईंकडून आतलं कार्ड काढून घे आणि पाकिटात घालून पाठव. इथे मोठ्या पडद्यावर बघून मी निवडते.

एक विचारायचं होतं. तू बाबांना म्हणालीस की फरशी ओली होती. शिवणबाईंनी बाबांना सांगितलं की फरशी कोरडी होती. मग पडलीस कशी? तेव्हापासून बाबांना नीट झोप नाही. ते दुष्टपणा करत नाहीयेत गं, ते घाबरले आहेत.

तुझ्या शिव्या मिळत राहोत, एवढंच मागणं.

तुझी
भिंगरी

ता. २ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद, वि. वि.

कॅमेरा पोचला. तुझ्या मालकांनी तुला गंडवलं, किंवा तू पुन्हा मोजायला चुकलीस. चकतीवर चित्रं तीनच आहेत. चेहरा, डोंगर, फूल. चंद्र नाही, मेणबत्ती नाही आणि तुझा धावणारा माणूस कुठे धावून गेला कोण जाणे. शेवटी शिवणबाईंनी चकती फिरवून दिली आणि म्हणाल्या, आता हात लावू नका. मी लावला नाही.

सोमवारी त्या शिवलेले कपडे पोचवायला गेल्या, तेव्हा मी स्टुलावर बसले. तू सांगितलंस तशी हाक मारली नाही. पहिल्यांदा उचापत्या बादलीभोवती फिरत होता, तेवढ्यात बटण दाबून धरलं. मग तो गेला. थांबले. परत आला, पुन्हा दाबलं, पुन्हा गेला. असं किती वेळा झालं सांगू? मी नीट नेम धरावा आणि याने नाहीसं व्हावं. शेवटी वैतागले आणि रिकाम्या अंगणावरच बटण दाबून बसले. म्हटलं, कधीतरी मधे येईल. आला नाही तो नाहीच. उठल्यावर मात्र पायात घोटाळत होता, जणू कुठे गेलाच नव्हता.

कार्ड पाठवते आहे. भिंगरी, अर्ज द्यायला आता जेमतेम तीन आठवडे उरलेत. मी थट्टा करते म्हणून तुला वाटत असेल की म्हातारीचं बरं चाललंय. रोज सकाळी तो माझ्या पांघरुणावर नाक ठेवतो तेव्हा मला तो पिंजरा दिसतो, आणि त्यातले आधीचे तिघे.

पडल्याचं पुन्हा विचारू नकोस. या घराच्या चौकटी हल्ली पुढे सरकल्या आहेत. खांद्यावर काळंनिळं झालंय, तेही बापाला कळवायचं नाही.

रागावलीस तरी पत्र टाकत राहा.

तुझी आजी
(अंगठा)

ता. क. शिवणबाईंची पेन्सिल अजून खरखरते आहे. माझं सांगून केव्हाच झालं. काय लिहिताय विचारलं तर म्हणतात, पत्ता. पत्ता एवढा लांब असतो?

[मी शिवणबाई. राग मानू नका. आजी माझी बटणं निवडून देतात. हल्ली ताटातली अर्धी बटणं तशीच राहतात आणि आजी म्हणतात, झालं. मी उरलेली गुपचूप निवडते. खांदा दुखावला आहे तो डावा.]

ता. ८ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

शिवणबाई, हे पत्र एकही ओळ न गाळता वाचा. आजीच्या मागे काही लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. आजी, त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांनी पत्ता लिहिला नव्हता, तुझी काळजी लिहिली होती.

काल दुकान बंद झाल्यावर तुझे फोटो पडद्यावर लावले. एकूण त्रेसष्ट. सुरुवातीच्या फोटोंत उचापत्या धावतो आहे. कॅमेऱ्याने आपलं काम चोख केलंय, मिशीचा केस न् केस मोजता येतो. पण तो सगळीकडे उजव्या कडेला आहे. मला वाटलं, घाईत झालं असेल. मग तुझं रिकामं अंगण आलं.

आजी, अंगण रिकामं नाही. असे एकोणीस फोटो आहेत, आणि एकोणीसच्या एकोणीस फोटोंत डाव्या बाजूला उचापत्या बसला आहे. दोन्ही कान, चारी पाय, तोंड तुझ्याकडे. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत जागचा हललेला नाही. ज्याला बसवायला आपण इतकी धडपड केली, तो तुझ्या हाताच्या अंतरावर बसून होता आणि तू त्याची वाट बघत होतीस.

मग मला बाकीचं आठवलं. सहा टोस्ट, चकतीवरची तीन चित्रं, पुढे सरकलेली चौकट. तुझ्या डाव्या बाजूचं तुला दिसत नाहीये. कधीपासून ते मला माहीत नाही. कदाचित तुलाही नसेल. हे नुसतं चष्म्याचं दुखणं नसावं अशी मला भीती वाटते. पत्र ऐकून झालं की आजच्या आज शिवणबाईंबरोबर डॉक्टरांकडे जा. शनिवारपर्यंत मी बाबांना काही सांगणार नाही. तोवर तू सांगितलं नाहीस तर रविवारी सांगेन. मग माझ्याशी बोलणं टाकलंस तरी चालेल.

सगळ्यात चांगला फोटो छापून सोबत पाठवला आहे. पाकिटात घालताना हात अडला. उचापत्याला परवानगी मिळाली तर याच फोटोवर मिळेल. आणि तुला आता एकटं राहता येणार नाही, हेही या एका फोटोवरूनच सगळ्यांना कळेल. लपवावा असं क्षणभर मनात आलं. पण मग मी तुझी नात कसली?

तुझी, आणि तुझीच राहणारी
भिंगरी

ता. २४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचताना शिवणबाईंनी तीनदा चष्मा पुसला. मी म्हटलं, डोळे माझे गेलेत आणि पुसताय तुम्ही. मग फोटो हातात दिला. मला अंगणच दिसलं. फोटो उजवीकडे सरकवला तेव्हा हळूच पंजा आला, मग छाती, मग ते गाढवासारखे दोन कान. शहाण्या बाळासारखा बसलाय लबाड.

डॉक्टरांनी पेन्सिल धरून विचारलं, दिसली की सांगा. मी म्हटलं, आधी धरा तर खरी. शिवणबाईंनी माझा हात दाबला तेव्हा कळलं की पेन्सिल मघापासून समोर होती. डोळे ठीक आहेत म्हणे, डोक्यातली एक शीर मधे अडली होती, तेव्हा ती बाजू गेली. थोडं परत येईल, कदाचित येणारही नाही. गोळ्या दिल्यात. एकटं राहायचं नाही म्हणाले. आणखी आधी का आला नाहीत असंही म्हणाले, पण हळू आवाजात.

मला ठाऊक होतं का? अगं, बटणं लवकर निवडून व्हायला लागली, तेव्हा मला वाटलं होतं म्हातारपणी हात चपळ झाला. असं वाटून घेणं सोपं होतं. ठेच लागली की चौकटीला बोल लावायचा. कळलं तर बाप नेईल आणि उचापत्या जाईल, एवढंच डोक्यात होतं. अडतीस वर्षं दुसऱ्यांचा माल निवडला, स्वतःचा मात्र तपासला नाही.

बापाला मीच सांगितलं, शुक्रवारी. रागावला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी येऊन फोटो आणि डॉक्टरांचा कागद दोन्ही घेऊन गेला आणि समितीपुढे ठेवले. उचापत्याला इथे पळताना पाहिलेले एक गृहस्थ म्हणे आडवे आले, की असा पुतळ्यासारखा बसलेला कुत्रा ते पळतं जनावर असूच शकत नाही, फोटो दुसऱ्याच कुत्र्याचा असणार. तेव्हा बापाने तुझ्याकडून मागवून घेतलेले सगळे एकोणीस मांडले, धावतानाचे फोटो शेजारी ठेवून. तीन महिन्यांची परवानगी मिळाली आहे. तक्रार आली तर रद्द. तुझा बाप हे आनंदाने सांगत होता. मी आनंदाने ऐकलं. तीन महिने म्हणजे किती, तेही मला मोजता येतं.

परवा निघायचं. शिवणबाई इथेच राहतील, अंगणही त्याच झाडतील. आज मुद्दाम मान वळवून वळवून सगळं अंगण पाहून घेतलं. बादलीपलीकडे जास्वंद आहे हे मी विसरूनच गेले होते. उचापत्या आताही डावीकडेच बसलाय असं शिवणबाई सांगतात. मी हात खाली सोडला, तर होता.

तिथे माझी पत्रं तुझा बाप लिहील. त्याच्या हातून मला त्याच्याच तक्रारी कशा सांगता येणार, याचा विचार करून ठेव. मी चुकले ते तुला सांगितलं, तू खरं बोललीस ते मला आवडलं. आता हा विषय पुरे.

नव्या पत्त्यावर टोस्ट पाठव. बाराच पाठव, तू मोजायला कधीच चुकली नव्हतीस. सहा माझे नेहमीचे. सहा बिनसाखरेचे, वेगळ्या कागदात बांधून. ते डावीकडच्याचे.

तुझी आजी
(अंगठा)