चारही चाकं बघितलीस?

बाबा, आज राजा पार्कात भर बाजारात मी गाडीभोवती वाकून वाकून फेरी मारली, प्रत्येक चाकाजवळ उलटा हात धरत. तुम्ही असता तर हसला असता. बँकेने जयपूरला बदली केली तेव्हापासून गाडी थांबली की तुम्ही हेच करायचात, भर उन्हात, गळ्यात टाय असताना, सी-स्कीमच्या चकचकीत दुकानांसमोरसुद्धा. लेकराचा ताप बघावा तसा हात. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "बाबा, लोक बघतायत!" "बघू देत. दहा सेकंद लागतात." पाय उचलल्यावरही एखाद्या चाकाचा ब्रेक धरूनच राहिला, तर ते चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापतं, एवढंच तुमचं शास्त्र.

गेले आठ दिवस गाडी डावीकडे ओढत होती. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने न बघताच सांगितलं, "मैडम, अलाइनमेंट करवा लो, सीधी चलेगी." करून घेतलं, तरी ओढतेच. मी म्हटलं, रस्तेच तसे असतील. आज आईला तिच्या जुन्या मैत्रिणीकडे, जयपूरबाहेर चौमूंला न्यायचं होतं. वाटेत मिठाई घ्यायला थांबलो, परत येतो तर जळका वास. दुसऱ्या कुणाच्या गाडीचा असेल म्हणून किल्ली फिरवलीसुद्धा, आणि मग कसं कोण जाणे, खाली उतरले. मागची दोन्ही चाकं कोमट. पुढचं उजवंही तसंच. पुढच्या डाव्याजवळ हात गेला नि चटकन मागे आला. आई आतून म्हणतेय, "अगं, उशीर होतोय, चल ना." बाबा, तशाच गाडीत बसवून मी तिला हायवेला काढणार होते.

चौमूं राहिलं. जवळच्या गॅरेजवाल्याने चाक काढलं. ब्रेकची डिस्क दोन्ही बाजूंनी दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्यातली एक गंजून जाम झाली होती. आतलं पॅड पार पत्र्यापर्यंत झिजलेलं, बाहेरचं जवळजवळ नवं. "अच्छा हुआ आप रुक गईं," तो म्हणाला. "हाथ लगाकर देखना किसने सिखाया?" मी म्हटलं, "पापा ने." आईने चष्मा पुसायला काढला.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे, गाडीच्या कागदांतच ठेवीन. पण एक सांगायचं राहून गेलंय. लायसन मिळाल्यावर मी पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन चौमूंला जाऊन आले, तेव्हा तुम्ही फाटकातच विचारलं होतंत, "चारही चाकं बघितलीस?" मी हो म्हटलं. तुम्ही आत जाऊन आईला केवढ्या कौतुकाने सांगितलंत, "हिच्या हाती गाडी द्यायला आता हरकत नाही." त्यानंतर किल्ली देताना कधीही काही विचारलं नाहीत. बाबा, त्या दिवशी मी एकही चाक बघितलं नव्हतं. नंतरही कधी नाही. आजच पहिल्यांदा बघितली.